आईची जवारी

आमच्या घरी दोन तंबोरे होते. मोठा अण्णांच्या स्वराचा, धाकटा शिष्यांच्या मेहनतीचा. दोन्ही मिरजेचे. "मिरजेहून या घरात आलेला तिसरा जिन्नस म्हणजे मी," असे आई हसून म्हणायची.

अण्णा बडोदे दरबारचे गवई. खरे सांगायचे तर १९४९ मध्ये संस्थान विलीन झाले तेव्हा ते आजोबांच्या मागे बसून स्वर भरणारे उमेदवार होते. पण 'दरबारी' हा शब्द त्यांना जन्मभर चिकटला, आणि त्यांनाही तो सोडवत नव्हता. पुढेही सणासमारंभाला राजवाड्यावरून बोलावणे येई. मग आमच्या दांडिया बाजारातल्या घरी सकाळपासून धांदल उडे. अण्णा मोठा तंबोरा उचलून माजघराच्या उंबऱ्याशी ठेवीत आणि एवढेच म्हणत, "बघ गं जरा."

आई हात पुसून बसायची.

जवारी म्हणजे काय हे गाणाऱ्या घरांना सांगायला नको. पण माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना तंबोरा हल्ली फोनमधून ऐकू येतो, म्हणून सांगतो. तंबोऱ्याच्या तारा ज्या घोडीवरून जातात, तिचा माथा किंचित उतरता घासलेला असतो. तार आणि घोडी यांच्यामध्ये बारीक दोरा सरकवायचा. तो केसभर इकडे झाला तर तार मुकी होते, केसभर तिकडे गेला तर नुसती खणखणते. नेमक्या जागी आला की तार फुलते, आणि खर्जाच्या तारेतून कोणी न छेडलेला गंधार ऐकू येऊ लागतो. आईचे डोळे त्या वेळी मिटलेले असत. गंधार आला की ती उघडी. मग चुलीवरचे काय करपले ते पाहायला धावे.

हे ती कोठे शिकली? तिचे माहेर मिरजेत, सतारमेकरांच्या गल्लीशेजारी. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले भोपळे दारात वाळत पडलेले, आत कानशीने घोडी घासण्याचा आवाज. परकरी पोर दारात उभी राहून तासन् तास पाही. तिला कोणी शिकवले नाही आणि कोणी हाकललेही नाही. मिरजेच्या सतारींना आणि तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ती बातमी वाचायला ती नव्हती, असती तर म्हणाली असती, "आता कळलं होय यांना?"

मिरज आणि बडोदे यांचा धागा जुना आहे. अब्दुल करीम खाँसाहेब बडोद्याच्या दरबारात होते. सरदार मारुतीराव माने यांच्या कन्या ताराबाई त्यांच्याकडे गाणे शिकल्या आणि पुढे त्यांच्याबरोबर बडोदे सोडून गेल्या. खाँसाहेब मिरजेत रमले. स्वतः जवारी काढण्यात त्यांचा हात मोठा होता. सुरेशबाबू, हिराबाई, कमलाबाई, कृष्णराव आणि सरस्वतीबाई ही ताराबाईंची पाच मुले. संसार दुभंगल्यावर त्यांनी ती आपल्या हिमतीवर वाढवली. आमच्या आळीतल्या जुन्या घरांतून ताराबाईंचे नाव निघाले की आवाज खाली जात असे. आईचा कधी गेला नाही. "पाच मुलं, पाचांच्या गळ्यात गाणं. आणि मुलगी बडोदेकर म्हणून गाजली. कशाला कुजबुजता?" असे तिने एकदा हळदीकुंकवात सरळ विचारले होते. घरी येऊन म्हणाली, "त्या इथून मिरजेला गेल्या, मी तिथून इथे आले. बडोद्याची फिट्टंफाट झाली."

हिराबाई १९८९ मध्ये गेल्या. त्या दिवशी आईने रेडिओ लावला नाही. धाकटा तंबोरा काढला, जुळवला, थोडा वेळ नुसता छेडला आणि गवसणी घालून ठेवून दिला. मला वाटते, मी तिचे एवढेच 'गाणे' ऐकले. बाकी भूपाळ्या, जात्यावरच्या ओव्या, गौरीची गाणी. ती तर सगळ्यांच्याच आया म्हणत. रांगोळीही ती फार सुरेख काढी, ठिपक्यांवाचून. पण रांगोळीचे कौतुक आळीभर होई. जवारीचे होत नसे.

कारण ती कोणाला ठाऊकच नव्हती. मी नऊ-दहा वर्षांचा असेन. एका वाड्यात अण्णांची बैठक होती आणि मी मागे धाकट्या तंबोऱ्यावर होतो. बाहेरगावचे एक नामांकित गवई श्रोत्यांत होते. मध्यंतरात ते पुढे आले, मोठ्या तंबोऱ्याला कान लावून म्हणाले, "वा! जवारी कोणी लावली?" अण्णा पान जुळवीत होते. त्यांनी मान वर केली नाही. मी मोठ्या ऐटीत म्हणालो, "अण्णांनी." अण्णांनी चुना लावला, विडा तोंडात घातला आणि मला दुरुस्त केले नाही.

घरी येऊन मी आईला सांगितले. "बरं केलंस," ती म्हणाली आणि ताटात भात वाढला. त्यानंतर अण्णांनी उंबऱ्याशी तंबोरा ठेवला की मला तेथून उठून जावेसे वाटे. अण्णा कठोर नव्हते. मालकंस गायचा असला तर पंचमाची तार मध्यमावर उतरवावी लागते. ते आंघोळीला काय गुणगुणतात यावरून आई ओळखी आणि न सांगता तार उतरलेली असे. एवढे एकमेकांचे ऐकणारी ती दोन माणसे. पण ते एक वाक्य त्यांच्या तोंडून बाहेर आले नाही. मला ते आजही माफ करता येत नाही. माझे स्वतःचेही नाही.

१८८६ मध्ये मौलाबक्षांनी येथे गायनशाळा सुरू केली, तेव्हापासून या गावात गाणे कागदावर उतरवून शिकवले जाते. मीही तसेच शिकवतो. आईचे काही कागदावर उतरत नव्हते. माझी मुलगी दहा वर्षांची झाली तेव्हा आईनेच तिला समोर बसवले, दोऱ्यावर तिचे बोट ठेवले आणि आपले वर ठेवले. आईची बोटे तोवर संधिवाताने वाकली होती. "डोळे मीट. दिसलं की ऐकू येत नाही."

लक्ष्मीविलास राजवाडा आता तिकीट काढून पाहता येतो. आम्ही आईला घेऊन गेलो. ज्या दरबार हॉलसाठी तिने इतकी वर्षे तंबोरे लावून दिले, तो ती प्रथमच पाहत होती. तिने ना झुंबरे पाहिली ना रंगीत काचा. मधोमध उभी राहिली आणि कोणी जवळ नाहीसे पाहून हलकेच षड्ज लावला. ऐकत राहिली. मग नातीला म्हणाली, "इथे आवाज घुमतो गं. दोरा थोडा मागे ठेवायला हवा होता. हे कधी बोलले नाहीत."

ती गेल्यावर दिवस झाले आणि ताईने तिचा लग्नातला शालू घडी मोडून पाहिला. पदराची आतली कड वीतभर विसविशीत झालेली. "कसर लागली," ताई हळहळली. मी मोठा तंबोरा आडवा घेतला, तार सैल केली आणि खर्जाखालचा दोरा काढून तिच्या हातात दिला. डाळिंबी रेशीम.

ताई काही बोलली नाही. शालू माझ्या मुलीकडे आला. परवा पावसाळी हवेत तिच्या तंबोऱ्याची जोडी बोलेना. तिने पदर उलटा केला आणि कात्री मागितली.