मत दिले, आता पोच घ्या!

१५ जानेवारी २०२६ रोजी सोलापूर महापालिकेसाठी मतदान झाले. आम्ही विहारात अभ्यासाला बसणारे पाचजण. महापालिकेसाठी मत देण्याची आमची ही पहिलीच वेळ. मत देऊन घरी आलो तेव्हा एकाची आई सुपात तंबाखू घेऊन विड्या वळत बसली होती. ती म्हणाली, “दिलं ना मत? झालं तर मग. आता पाच वर्षं कोण विचारतंय?”

माऊलीचे हे बोलणे आमच्या मनाला लागले. तिचे चुकले, असेही म्हणवत नव्हते. आधीच्या नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. त्यानंतर जवळजवळ चार वर्षे महापालिकेचा कारभार प्रशासक पाहत होते. आमचे कॉलेजचे दिवस याच काळात गेले. तक्रार घेऊन जावे असा आपण निवडलेला नगरसेवकच नव्हता. अशाने माणसाला प्रश्न विचारायची सवयच राहत नाही.

आमच्यावरही एक प्रसंग आला. आमच्यातल्या एकाला शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी वडिलांच्या उत्पन्नाचा दाखला हवा होता. एका कचेरीत चार खेपा झाल्या. दर खेपेला उत्तर एकच, “उद्या या.” वडील यंत्रमागावर कामाला. एक खाडा म्हणजे एका दिवसाची मजुरी गेली. अर्जाची मुदत संपत आली होती. शिष्यवृत्ती बुडाली तर फी भरायची कशी, या काळजीने घरात कोणी धड जेवत नव्हते.

तेव्हा शेजारच्या आजोबांनी विचारले. ते गिरणी बंद पडेपर्यंत गिरणीत होते, युनियनचे काम केलेले. “अर्जाची पोच घेतली का?” आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहिले. चार खेपा केल्या, पण हातात एक चिठोरेही नव्हते! आजोबांनी आम्हाला दोन प्रतींत अर्ज लिहायला लावला. एक प्रत दिली, दुसरीवर शिक्का आणि तारीख घेतली. दाखला किती दिवसांत मिळायला हवा, तेही विचारले. दाखला मुदतीच्या आत हातात पडला. ना कोणाची ओळख लावली, ना कोणाला चहापाणी दिले.

मग आम्ही मुळापासून वाचायला बसलो. गल्लीतले पाणी, गटार, दिवाबत्ती हे महापालिकेचे काम. रेशन, दाखले, शिष्यवृत्तीचे वाटप हे राज्य शासनाचे. राज्याच्या विधानसभेत २८८ आमदार, विधान परिषदेत ७८. मंत्रिमंडळ विधानसभेला जबाबदार असते आणि विधानसभा आपण निवडतो. म्हणजे कचेरीतल्या खिडकीपलीकडचा साहेब आपला मालक नाही, हे आम्हाला पहिल्यांदा नीट उमगले.

हा हक्क सहज मिळालेला नाही. १९१९ साली बाबासाहेबांनी साउथबरो समितीपुढे साक्ष दिली, तेव्हा मत हे सारा आणि पट्टी भरणाऱ्या थोड्यांच्याच वाट्याचे होते. अस्पृश्यांना मताचा अधिकार आणि स्वतःचे प्रतिनिधी हवेत, अशी मागणी त्यांनी केली. १९३७ साली ते मुंबई प्रांताच्या विधानसभेवर निवडून गेले आणि त्याच वर्षी त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. पुढे ४ जानेवारी १९३८ रोजी आपल्या सोलापूरच्या नगरपालिकेने त्यांना मानपत्र दिले. सत्काराला उत्तर देताना बाबासाहेब बोलले ते लोकशाहीवर. लोकशाहीत सत्तेला प्रश्न विचारणारा दुसरा पक्ष असलाच पाहिजे, हे त्यांनी सोलापूरकरांना बजावले. ज्या गावात हे सांगितले गेले, त्या गावात आपण गप्प राहावे काय?

वाचकहो, हाती साधने आहेत, ती वापरायची मात्र राहतात. माहितीचा अधिकार महाराष्ट्रात २००२ साली आला, देशाचा कायदा २००५ साली झाला. दहा रुपयांच्या अर्जावर तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तर तेही दहा रुपये माफ आहेत. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने दाखल्यांसारख्या सेवांना मुदत बांधून दिली आहे. अर्जाची पोच मिळणे हा त्यात हक्क आहे आणि मुदत टळली तर अपील करता येते. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो. घरातले मूल अठरा वर्षांचे झाले की नमुना ६ भरून त्याचे नाव मतदार यादीत घाला. त्यासाठी आता वर्षातून चार तारखा धरल्या जातात.

आता आम्ही दर रविवारी सकाळी विहारात एक टेबल मांडतो. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे अर्ज लिहून देतो आणि प्रत्येकाला एकच गोष्ट सांगतो, पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. त्या विड्या वळणाऱ्या माऊलीने परवा रेशनकार्डात सुनेचे नाव घालण्याचा अर्ज दिला. पोच घडी घालून तिने पत्र्याच्या पेटीत ठेवली आहे, मतदार ओळखपत्राच्या शेजारी. जागा योग्यच निवडली तिने.