अवेळी पडणारे टक्कल

भांग पाडताना कपाळ जरा मोठे दिसू लागले, की अकरावी-बारावीतल्या मुलाच्या मनात शंकेची पाल चुकचुकते. फणीत अडकलेले केस मोजले जातात. वडिलांच्या, काकांच्या, मामाच्या डोक्याकडे नजर जाते. वर्गातल्या मित्रांनी ‘ए टकलू’ म्हणून हाक मारायला सुरुवात केली, तर मग अभ्यासातही लक्ष लागत नाही. टक्कल हा जिवावर बेतणारा आजार नव्हे, हे खरे. पण सतराव्या वर्षी त्याचे दुःख लहान नसते. या दुःखावर डोळा ठेवून चालणारा तेला-गोळ्यांचा बाजार तर फारच मोठा आहे. म्हणून टक्कल का पडते, त्यावर खरोखर कोणते उपाय आहेत आणि त्या उपायांची किंमत काय, हे शास्त्रीय दृष्टीने समजून घेतलेले बरे.

केस उगवतो कसा?

आपल्या डोक्यावर साधारणपणे एक लाख केस असतात. प्रत्येक केस त्वचेतील एका चिमुकल्या पिशवीतून उगवतो. या पिशवीला केशपुटक म्हणतात. पुटकाच्या तळाशी रक्तवाहिन्यांनी युक्त असा एक लहानसा उंचवटा असतो. त्याला म्हणायचे अंकुरक. अंकुरकाच्या भोवतीच्या पेशी झपाट्याने विभागतात, केराटिन नावाच्या प्रथिनाने भरतात, मरतात आणि वर ढकलल्या जातात. या मृत पेशींचा दोर म्हणजेच केस. म्हणून तर न्हाव्याने केस कापले तरी दुखत नाही. आणि म्हणूनच बाहेरून चोपडलेल्या कोणत्याही तेलाने केसाचे ‘पोषण’ होत नाही. तेलाने केस मऊ राहतो, त्याला चकाकी येते, एवढेच. मेलेल्या वस्तूला जेवू कसे घालणार?

केशपुटक अखंड काम करीत नाही. दोन ते सहा वर्षे केस वाढत राहतो, महिन्याला सुमारे १ सेंटिमीटर या वेगाने. मग दोन-तीन आठवड्यांत पुटक आक्रसते आणि पुढे सुमारे तीन महिने विश्रांती घेते. विश्रांती संपली की नवा केस तयार होऊ लागतो आणि जुना गळून पडतो. कोणत्याही वेळी शंभरांतले ८५ ते ९० केस वाढीच्या अवस्थेत असतात.

आता एक सोपे गणित करा. केसाचे सरासरी आयुष्य तीन वर्षे, म्हणजे सुमारे १,१०० दिवस धरा. १,००,००० ला १,१०० ने भागा. उत्तर येते सुमारे ९०. म्हणजे निरोगी माणसाच्या डोक्यावरूनही रोज ५० ते १०० केस गळणारच. जेवढे गळतात तेवढेच नवे उगवत असल्यामुळे आपल्याला फरक कळत नाही.

आणखी एक गोष्ट करून पाहा. फणीत आलेला केस काळ्या कागदावर ठेवून भिंगातून त्याचे टोक बघा. तेथे पांढुरकी गाठ दिसेल. ती पाहून ‘केस मुळासकट गेला, आता तो परत येणार नाही’ असे अनेकांना वाटते. पण ही गाठ म्हणजे विश्रांतीत गेलेल्या केसाचे फुगीर टोक होय. खरे मूळ, म्हणजे केशपुटक, त्वचेतच असते आणि नव्या केसाच्या तयारीला लागलेले असते.

टक्कल म्हणजे केस गळणे नव्हे!

मग टक्कल पडताना वेगळे काय घडते? येथे केस नुसते जास्त गळतात असे नाही. दर खेपेला उगवणारा नवा केस आधीच्यापेक्षा बारीक आणि आखूड असतो. वाढीचा काळ वर्षांवरून महिन्यांवर येतो. केशपुटक हळूहळू लहान होत जाते आणि शेवटी त्यातून डोळ्यांना जेमतेम दिसणारी लव तेवढी उगवते. गुळगुळीत दिसणाऱ्या डोक्यावरही ही आक्रसलेली पुटके बराच काळ शिल्लक असतात.

ही क्रिया डोक्यावर सगळीकडे होत नाही. बहुधा ती दोन्ही कानशिलांच्या वर आणि माथ्यावर सुरू होते. कानांच्या वरची आणि मानेकडची झालर मात्र टिकून राहते. असे का?

शोधाची कहाणी

सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी ग्रीक वैद्य हिपॉक्रेटिस याने लिहून ठेवले, की षंढ केलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही. या निरीक्षणाचा शास्त्रीय पाठपुरावा अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ जेम्स हॅमिल्टन यांनी केला. वयात येण्यापूर्वीच ज्यांच्या वृषणग्रंथी निकामी झाल्या किंवा काढल्या गेल्या होत्या, अशा पुरुषांची त्यांनी पाहणी केली. त्यांच्यापैकी कोणाला टक्कल पडलेले नव्हते. मग त्यांना टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक टोचण्यात आले. ज्यांच्या घराण्यात टक्कल होते, त्यांचे केस विरळ होऊ लागले. ज्यांच्या घराण्यात नव्हते, त्यांचे तसे झाले नाही. संप्रेरक थांबवताच टक्कल वाढायचे थांबले, पण गेलेले केस काही परत आले नाहीत. १९४२ साली हॅमिल्टन यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. टक्कल पडण्यास संप्रेरक आणि आनुवंशिकता अशी दोन्ही कारणे लागतात, हे त्यातून स्पष्ट झाले.

कोड्याचा पुढचा भाग उलगडला तो कॅरिबियन समुद्रातील डॉमिनिकन प्रजासत्ताकात. तेथील एका खेड्यात काही मुले जन्मतः मुलींसारखी दिसत आणि वयात येताना मुलगे होत. ज्युलिएन इंपेरॅटो-मॅकगिन्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली याचे कारण प्रसिद्ध केले. आपल्या शरीरात टेस्टोस्टेरॉनचे रूपांतर डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन या अधिक प्रभावी संप्रेरकात होते. (आपण त्याला थोडक्यात डी.एच.टी. म्हणू.) हे रूपांतर करणारे विकर या मुलांत जन्मापासूनच कमी होते. मोठेपणी या पुरुषांचे स्नायू भरदार होत, आवाज घोगरा होई. पण दाढी विरळ राही, प्रोस्टेट ग्रंथी लहान राही आणि कपाळावरची केसांची रेषा मुळीच मागे सरकत नसे. टक्कल पाडणारे संप्रेरक टेस्टोस्टेरॉन नसून डी.एच.टी. आहे, याचा हा सज्जड पुरावा होता.

गंमत पाहा! हेच संप्रेरक हनुवटीवर दाढी उगवते आणि डोक्यावरचे केस घालवते. म्हणजे फरक संप्रेरकात नसून केशपुटकात आहे. न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ओरेन्ट्राइक यांनी १९५० नंतरच्या दशकात हे प्रत्यक्ष प्रयोगाने दाखवले. मानेकडच्या त्वचेचे केसांसह लहान तुकडे काढून त्यांनी ते टकलाच्या जागी बसवले. ते केस तेथेही वाढत राहिले! उलट, टक्कल पडणाऱ्या जागेतले केस मागे नेऊन लावले, तर ते तेथेही नाहीसे झाले. केस कोठे राहतो यापेक्षा तो मूळचा कोठला, हे महत्त्वाचे.

यातून दोन गैरसमज दूर होतात. पहिला, टक्कल म्हणजे अधिक पुरुषत्व. टक्कल असलेल्यांच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन जास्त असते असे नाही. त्यांची केशपुटके डी.एच.टी.ला अधिक संवेदनशील असतात, इतकेच. दुसरा, टक्कल फक्त आईकडून, मामाकडून येते. या संवेदनशीलतेशी संबंधित एक महत्त्वाचा जनुक एक्स गुणसूत्रावर आहे आणि मुलाला ते आईकडूनच मिळते, हे खरे. परंतु २०१७ साली ब्रिटनमधील ५२,००० हून अधिक पुरुषांच्या अभ्यासात टकलाशी निगडित असे २८७ जनुकीय भाग सापडले. त्यांतील बहुतेक इतर गुणसूत्रांवर आहेत. तेव्हा वडिलांकडचा वाटाही तितकाच खरा.

प्रत्येक गळती टक्कल नसते

टायफॉइड, डेंग्यू, कोविड यांसारखा कडक ताप येऊन गेला, की दोन-तीन महिन्यांनी पुंजक्यांनी केस गळू लागतात. तापाच्या धक्क्याने बरीच पुटके एकदम विश्रांतीत गेलेली असतात. ही गळती बहुधा सहा महिन्यांत आपोआप थांबते आणि केस परत येतात. शरीरात लोह कमी असणे, थायरॉइड ग्रंथीचे विकार, अतिरेकी उपास यांनीही केस गळतात. गोल चट्ट्यात केस गेले तर ती चाई. तिचे कारण निराळे आणि उपचारही निराळे. २०२५ च्या जानेवारीत बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यातल्या काही गावांत स्त्रिया, पुरुष, मुले अशा अनेकांचे केस थोड्याच दिवसांत झडले, तेव्हा तपासात सेलेनियम या मूलद्रव्याच्या अतिरेकाचा संशय पुढे आला. आनुवंशिक टक्कल असे दिवसांत पडत नाही आणि गावाला मिळून तर नाहीच.

शिवाय, सतरा-अठरा वर्षांच्या सुमारास मुलाची गोलसर केशरेषा थोडी वर सरकून प्रौढ होते. तेही टक्कल नव्हे. म्हणून पहिले पाऊल एकच: त्वचारोगतज्ज्ञाकडून निदान.

उपायांचा ताळेबंद

खऱ्या कसोटीला उतरलेली औषधे मोजकीच आहेत. मिनॉक्सिडिल हे मूळचे उच्च रक्तदाबावरचे औषध. त्याच्या गोळ्या घेणाऱ्या रुग्णांच्या अंगावर केस वाढू लागले. मग त्याचे डोक्याला लावायचे द्रावण तयार झाले आणि १९८८ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. परिणाम दिसायला निदान चार महिने लागतात. सुरुवातीला केस उलट थोडे जास्तच गळतात, कारण विश्रांतीतले केस लवकर बाहेर ढकलले जातात. काहींच्या डोक्याला खाज सुटते, त्वचा लाल होते.

फिनास्टेराइडची गोळी टेस्टोस्टेरॉनचे डी.एच.टी. करणाऱ्या विकराला अडवते. तिच्या शोधामागे डॉमिनिकन प्रजासत्ताकातला तो अभ्यास आहे. १९९७ साली अमेरिकेत टकलासाठी तिला मान्यता मिळाली. १८ ते ४१ वर्षांच्या १,५५३ पुरुषांवर जी चाचणी झाली, तिच्यात काहींना खरी गोळी, तर काहींना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी देण्यात आली. दोन वर्षांनी तज्ज्ञांनी छायाचित्रे तपासली. खरी गोळी घेणाऱ्यांत ६६ टक्के जणांत सुधारणा दिसली, पोकळ गोळी घेणाऱ्यांत ७ टक्के. लैंगिक स्वरूपाच्या तक्रारी पहिल्या वर्षात अनुक्रमे ३.८ आणि २.१ टक्के लोकांनी केल्या. काहींना नैराश्य येते, असा इशाराही औषध-नियंत्रकांनी दिलेला आहे. तेव्हा ही गोळी मित्राच्या सांगण्यावरून दुकानातून आणायची वस्तू नव्हे.

दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. ही मान्यता १८ वर्षांवरील पुरुषांसाठी आहे. आणि ही औषधे टक्कल बरे करीत नाहीत, थोपवून धरतात. ती थांबवली, की काही महिन्यांत मिळवलेले केस जातात. म्हणजे औषध सुरू करणारा पुढच्या कित्येक वर्षांचा खर्च आणि कित्येक वर्षांची शिस्त पत्करत असतो.

केशरोपण म्हणजे ओरेन्ट्राइक यांच्याच तत्त्वाचा वापर. आता एकेका पुटकाचे लहान पुंजके उचलून लावतात. पण येथे नवा केस निर्माण होत नाही. मागचा केस पुढे जातो, आणि मागचा साठा मर्यादित असतो. विशीच्या आतच पुढे केस लावले आणि मागचे टक्कल वाढत गेले, तर पुढे एक बेट तेवढे उरते. म्हणून जाणकार शल्यविशारद तरुणांना थांबायला सांगतात. ही शस्त्रक्रिया आहे. तिच्यात जिवाला धोका उद्भवल्याची उदाहरणे आहेत. भारतात राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली बजावले, की रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टरनेच ती करावी. कार्यशाळा किंवा चित्रफिती पाहून मिळवलेले ज्ञान पुरेसे नाही.

राहिली जाहिरातीतली तेले. भारताच्या औषध-नियमांच्या ‘जे’ परिशिष्टात टकलाचा समावेश आहे. टक्कल बरे करण्याचा दावा कोणत्याही औषधाला करता येत नाही. तरीही ‘मला गुण आला’ म्हणणारे भेटतातच. त्याचे कारण वर आलेलेच आहे. तापानंतरची गळती आपोआप थांबते, आणि त्या सहा महिन्यांत जे तेल लावले असेल त्याला श्रेय मिळते. पोकळ गोळी घेऊनही ७ टक्के लोक सुधारलेले दिसले, हेही विसरू नये.

मग करायचे काय?

डॉक्टरांना एकदा दाखवावे. घाई करू नये. दर तीन महिन्यांनी त्याच जागी, त्याच उजेडात छायाचित्र काढावे, म्हणजे भीती खरी की खोटी ते कळेल. केस आखूड कापले तर विरळपणा कमी जाणवतो. अठरा पूर्ण झाल्यावर औषध घ्यायचे ठरले, तर डॉक्टरांना चार प्रश्न विचारावेत. किती जणांना गुण येतो? किती काळ घ्यावे लागेल? वर्षाचा खर्च किती? दुष्परिणाम झाला तर काय करायचे?

काहीच न करणे हासुद्धा एक पूर्ण शास्त्रीय निर्णय आहे. टक्कल पडल्याने शरीराच्या कोणत्याही कामात अडथळा येत नाही. उन्हात टोपी घातली म्हणजे झाले. त्रास होतो तो बहुतेक इतरांच्या हसण्याचा. त्यावर औषध वर्गातल्या मुलांकडे आणि शिक्षकांकडे आहे. एखाद्याला ‘टकलू’ अशी हाक ऐकू आली, तर ती तेथेच थांबवावी. आणि एखादा मुलगा टोपी काढायला तयार नसेल, खेळायला यायचे टाळू लागला असेल, तर त्याच्याशी बाजूला नेऊन बोलावे. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही आणि पैसेही पडत नाहीत.