बालवाडीतील हालचाल व खेळ

तीन ते सहा वर्षांच्या बालकास व्यायाम तो कशाला, ते दिवसभर धावतच असते, असे पालक म्हणतात; कित्येक शिक्षकही म्हणतात. धावावयास जागा आहे तोवर हे म्हणणे खरे आहे. आपल्याकडेही आता भाड्याच्या एका खोलीत अंगणवाड्या भरतात. म्हणून अगोदरपासूनच जागेची अडचण असलेल्या मुंबईकडे पाहणे उपयोगाचे होईल.

परळ-लालबागेत गिरणी कामगाराचे बिऱ्हाड बहुधा एका खोलीचे असे. १९२० नंतरच्या दशकात बांधलेल्या बी. डी. डी. चाळींतील खोली सुमारे १६० चौरस फुटांची. परंतु दाराबाहेर सामाईक गॅलरी होती, जिना होता, खाली चौक होता. जिना चढता-उतरता, चौकात डोंगर-पाणी खेळता खेळता तोल, झेप आणि पायांतील बळ ही न शिकविता येत. गिरगावातील वाड्यांतही हेच चाले. आता चौकात वाहने उभी असतात आणि पुष्कळ चाळींच्या जागी उंच इमारती झाल्या आहेत.

मध्यंतरी लालबागेतील एका बालवाडीत गेलो होतो. पाच वर्षांची एक मुलगी पाटीवर सुरेख अक्षरे काढीत होती; बाईंना त्याचा अभिमान वाटत होता. सुटीच्या वेळी मात्र ती मुलगी भिंत धरून, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकीत उतरली. चौथ्या वर्षाच्या सुमारास मूल एकेका पायरीवर एकेक पाऊल टाकू लागते. चौकशी करता कळले की, घरी जाणे-येणे लिफ्टने होते. मुलीत उणीव काहीच नव्हती; सराव नव्हता.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले की, तीन-चार वर्षांच्या मुलांची दिवसभरात मिळून निदान १८० मिनिटे हालचाल व्हावी आणि त्यांपैकी ६० मिनिटे ती दम लागण्याजोगी असावी. एवढा वेळ कवायतीने भरत नाही. शिट्टीवर रांगेत उभे केलेले मूल बहुतेक वेळ आपली पाळी येण्याची वाट पाहत असते. (माझ्या भेटीनिमित्तही अशी कवायत पुष्कळदा झाली आहे!)

ताराबाई मोडक यांनी १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू केला आणि १९४५ साली बोर्डीस जाऊन खेड्यातील बालशिक्षणाचे काम आरंभिले. महागड्या साधनांवाचून बालशिक्षण होऊ शकते, हे तेथे दिसून आले. शिक्षिकाभगिनींनी खडूने जमिनीवर रेषा आखावी व मुलांस पाण्याने भरलेली वाटी हाती घेऊन तीवरून चालवावे; ही माँटेसरी पद्धतीतील जुनी गोष्ट आहे. चिंध्यांचा चेंडू झेलू द्यावा. वीतभर उंचीवर दोरी धरून तीवरून उडी मारू द्यावी. जागा लहान असल्यास सहा-सात मुलांचा गट करावा. बाकीच्यांस गोष्ट सांगावी. स्पर्धा लावू नये, कारण मागे पडणारे मूल दुसऱ्या दिवशी कोपरा धरते, आणि सरावाची गरज त्यासच अधिक असते.

नोंदवहीत वजन व उंची आपण लिहितोच. त्याशेजारी मूल एका पायावर किती वेळ उभे राहते आणि जिना कसे उतरते, हे दर तीन महिन्यांनी लिहावे.