माशांच्या टाकीत जिवाणूंचं बिऱ्हाड

काचेची टाकी घरी आली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाणी दुधाळ दिसू लागतं. घरातलं कुणीतरी म्हणतं, घाण झालं, बदलून टाका. मग टाकी उपसली जाते, खडे घासले जातात, काच लख्ख पुसली जाते आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून पांढराशुभ्र होईपर्यंत पिळला जातो. टाकी नव्यासारखी दिसते आणि आठवडाभरात एकेक मासा पोट वर करून तरंगायला लागतो. बोल दुकानदाराला लागतो की त्यानं आजारीच मासे गळ्यात मारले. बहुतेक वेळा मासे धडधाकट असतात. धुण्यात जिवाणू गेलेले असतात, आणि त्यांच्यामागोमाग मासे जातात.

गेवराई तालुक्यातल्या चकलांब्यासारख्या गावात टाकी ठेवायची तर हे जिवाणू काय करतात ते आधी समजून घ्यायला हवं. इथलं पाणी, इथला उन्हाळा आणि इथली वीज या तिन्ही गोष्टी त्यांच्या जगण्यामरण्याशी थेट जोडलेल्या आहेत.

मासा जे खातो त्यातल्या प्रथिनांचा उरलासुरला नायट्रोजन तो अमोनियाच्या रूपानं बाहेर टाकतो, आणि तोही मुख्यतः कल्ल्यांतून. म्हणजे विष्ठा दिसली नाही तरी पाण्यात अमोनिया मिसळतच असतो. तळाला कुजणारा खाऊ आणि विष्ठा त्यात भर घालतात. गोदावरीच्या पात्रात हा अमोनिया कुठल्या कुठे पांगतो. पन्नास लिटरच्या टाकीत त्याला जायला जागाच नसते.

हा अमोनिया पाण्यात दोन रूपांत राहतो. एक अमोनियम, ते माशाला फारसं बाधत नाही. दुसरा मोकळा अमोनिया, तो कल्ले जाळतो. कुठलं रूप किती, हे पाण्याचा सामू आणि तापमान ठरवतात. सामू ७ आणि तापमान २५ अंश असेल तर शंभरात एक भागसुद्धा मोकळा अमोनिया नसतो. सामू ८ झाला की तोच पाच टक्क्यांवर जातो. सामू साडेआठ आणि पाणी ३० अंश, असं असेल तर वीस टक्क्यांच्या आसपास. आपला सगळा मुलूख काळ्या बेसॉल्ट खडकावर बसलेला. बोअरचं पाणी जड, क्षारांचं, सामूही सातच्या वर. त्यात मे महिन्यात खोलीतली टाकीसुद्धा तापते. पुण्या-मुंबईच्या मऊ पाण्यात जेवढा अमोनिया मासा सोसून नेतो, तेवढ्यानं इथला मासा दगावू शकतो. त्यामुळे जिवाणूंची गरज इथे जास्त आहे.

जिवाणूंचं काम दोन पायऱ्यांत चालतं. नायट्रोसोमोनास आणि त्याचे भाऊबंद अमोनियाचं नायट्राइट करतात. दुसरा गट त्या नायट्राइटचं नायट्रेट करतो. नायट्राइटही विषच. ते रक्तातल्या हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहण्याची ताकद काढून घेतं, रक्त तपकिरी पडतं आणि भरपूर हवा सोडलेल्या पाण्यातही मासा गुदमरतो. नायट्रेट मात्र बऱ्यापैकी निरुपद्रवी असतं. ते साठत गेलं तरी मासे बराच काळ तग धरतात.

हे काम सजीवांचं आहे, नुसती रासायनिक क्रिया नव्हे, हे १८७७ साली फ्रान्समध्ये श्लोझिंग आणि म्युंट्झ या दोघांनी दाखवलं. त्यांनी वाळू आणि चुनखडी भरलेल्या उभ्या नळीतून सांडपाणी झिरपत ठेवलं. सुमारे वीस दिवस काहीच घडलं नाही, अमोनिया जसाच्या तसा खाली येत राहिला. मग एकाएकी नायट्रेट दिसू लागलं. नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली तेव्हा ते थांबलं. पुढे १८९० च्या सुमारास सर्गेई विनोग्राडस्की यांनी हे जिवाणू वेगळे काढून दाखवले. त्या वीस दिवसांकडे नवीन टाकीवाल्यांनी नीट पाहावं. तुमच्या घरातल्या टाकीलाही तेवढाच, किंबहुना जास्त वेळ लागतो, कारण हे जिवाणू फार सावकाश वाढतात. आतड्यातला ई. कोलाय अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो. यांना कित्येक तास, कधी एक दिवसाहून जास्त लागतो.

पाठ्यपुस्तकांत दुसऱ्या पायरीचं श्रेय बराच काळ नायट्रोबॅक्टरला दिलं जायचं. गोड्या पाण्याच्या टाक्यांमध्ये ते काम प्रामुख्यानं नायट्रोस्पिरा करतो, हे १९९८ मध्ये पुढे आलं. २०१५ मध्ये तर दोन्ही पायऱ्या एकट्यानं पार पाडणारा नायट्रोस्पिरा सापडला, आणि तो शोधणाऱ्या दोन गटांपैकी एकाला तो मत्स्यपालनाच्या फिल्टरमध्येच मिळाला. दुकानात मिळणाऱ्या जिवाणूंच्या बाटलीवर अजून फक्त नायट्रोबॅक्टरचं नाव छापलेलं दिसलं, तर ती कंपनी कुठल्या काळातलं वाचते आहे याचा अंदाज येतो.

शेतकऱ्याला यातलं काहीच परकं नाही. कपाशीला युरिया टाकला की त्याचा अमोनियम होतो आणि अमोनियमचं नायट्रेट जमिनीतले हेच जिवाणू करतात. जास्तीचं नायट्रेट पावसाच्या पाण्यासोबत विहिरीत उतरतं. म्हणून बोअरच्या पाण्यातही ते आधीपासून असू शकतं. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे.

आता बिऱ्हाड कुठे असतं ते बघू. हे जिवाणू पाण्यात तरंगत नाहीत, पृष्ठभागाला चिकटून पातळ बुळबुळीत थर करून राहतात. स्पंजच्या छिद्रांत, खड्यांवर, काचेवर, वनस्पतींच्या पानांवर. म्हणून पाणी बदलल्यानं ते जात नाहीत, स्पंज धुतल्यानं जातात. त्यांना लागतो पृष्ठभाग, वाहतं पाणी आणि भरपूर प्राणवायू. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचं नायट्रेट करायला साडेचार ग्रॅमहून जास्त प्राणवायू लागतो. त्यामुळे चकचकीत महागड्या फिल्टरपेक्षा हवेच्या पंपावर चालणारा साधा स्पंज फिल्टर गावाकडे मला जास्त भरवशाचा वाटतो. तळाला घालायला बारीक धुतलेली खडी पुरते. वाळू नको. ती घट्ट बसते आणि खाली प्राणवायू पोचत नाही.

पाणी कुठलं घालायचं, यावर गावात एक ठाम समज आहे: माशांना जारचं पाणी चांगलं. उलट आहे. जारचं आरओ पाणी क्षारांपासून जवळपास मोकळं असतं, आणि जिवाणूंना काम करताना पाण्यातली क्षारता खर्चावी लागते. एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे सुमारे सात मिलिग्रॅम. जारच्या पाण्यात ही शिल्लक लवकर संपते, सामू घसरतो आणि जिवाणू हात आखडता घेतात. ज्या पाण्यात डाळ नीट शिजत नाही, तेच बोअरचं जड पाणी या जिवाणूंना मानवतं. गप्पी, मॉली, गोल्डफिश यांनाही ते चालतं.

ग्रामपंचायतीच्या टाकीतून येणाऱ्या नळाच्या पाण्यात मात्र टीसीएल, म्हणजे क्लोरीनची पावडर असते. क्लोरीन जिवाणू मारण्यासाठीच घालतात, ते आपले-परके बघत नाही. पाणी उघड्या बादलीत किंवा टबात एक रात्र ठेवावं, त्यात हवेची नळी सोडली तर उत्तमच. घाई असेल तर दुकानात मिळणारं अँटीक्लोरीन वापरावं. ते मुळात सोडियम थायोसल्फेट असतं, जुने फोटो स्टुडिओवाले ज्याला हायपो म्हणत तेच.

टाकी भरली, पंप सुरू झाला. आता मासे न घालता टाकी तशीच चालू ठेवायची आणि रोज चिमूटभर खाऊ टाकायचा. तो कुजतो, त्यातून अमोनिया सुटतो आणि जिवाणूंना अन्न मिळतं. पाणी दुधाळ होईल. ते वेगळ्याच, झपाट्यानं वाढणाऱ्या जिवाणूंमुळे होतं. ते आपोआप निवळतं, बदलू नका. थेंबांचं टेस्ट किट मिळालं तर जरूर घ्या. आधी अमोनिया चढताना दिसतो, मग तो उतरतो आणि नायट्राइट चढतं, शेवटी दोन्ही शून्यावर येतात आणि नायट्रेट वाढतं. याला चार ते सहा आठवडे धरा, थंडीत आणखी जास्त. त्यानंतर दोन-तीन मासे सोडा, बाकीचे पंधरवड्यानं. जिवाणूंची संख्या मिळणाऱ्या अन्नाएवढीच असते. एकदम दहा मासे आणले की ती पुरत नाही.

मासे आधीच आणले असतील तर? लेकरांच्या हट्टापुढे असंच होतं. मग खाऊ अगदी कमी, रोज पाव टाकी पाणी बदल, आणि नायट्राइटचा त्रास दिसला, म्हणजे मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागले, तर लिटरला सुमारे एक ग्रॅम साधं मीठ. मिठातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही.

बाटलीतले जिवाणू घ्यावेत का, हा प्रश्न हमखास येतो. तुरीला किंवा सोयाबीनला रायझोबियम चोळणाऱ्या शेतकऱ्याला याचं अर्धं उत्तर माहीत असतं. परभणीच्या कृषी विद्यापीठातून आणलेलं जिवाणू खत सावलीत ठेवावं लागतं, नाहीतर पैसे पाण्यात. बाटलीचंही तसंच. अमोनिया खाणारे जिवाणू बीजाणू करत नाहीत, त्यामुळे उन्हात तापलेल्या दुकानाच्या फळीवर वर्षभर पडलेल्या बाटलीत त्यांच्यापैकी फार कुणी जिवंत नसतं. बऱ्याच स्वस्त बाटल्यांत बॅसिलस असतो. तो बीजाणू करून टिकतो खरा, पण त्याचं काम तळाची घाण कुजवणं, आणि त्यातून अमोनिया उलट सुटतोच.

मग वीज. वीज गेली की फिल्टर थांबतो. बंद डब्याच्या फिल्टरमध्ये काही तासांत प्राणवायू संपतो, जिवाणू मरू लागतात आणि वीज आल्यावर तेच नासकं पाणी टाकीत येतं. असा फिल्टर असेल तर पुन्हा सुरू करण्याआधी आतलं पाणी ओतून द्या. उघड्या पाण्यात बुडालेला स्पंज जास्त वेळ तगतो. मोबाईलच्या पॉवर बँकेवर चालणारा छोटा हवेचा पंप मिळतो, उन्हाळ्यात तो हाताशी असावा. उन्हाळ्यात याची गरज जास्त, कारण तापलेल्या पाण्यात प्राणवायू मुळातच कमी विरघळतो. २५ अंशांना लिटरला आठ मिलिग्रॅमच्या वर, ३५ अंशांना सातच्या आसपास.

एकदा घडी बसली की काम फार उरत नाही. आठवड्याला पाव टाकी पाणी काढायचं, तळाची घाण नळीनं ओढून घ्यायची. स्पंजमधून पाणी जाईनासं झालं की काढलेल्या त्याच पाण्यात तो दोन-तीनदा हलकेच दाबायचा. तो तपकिरीच राहिला पाहिजे. आजारी माशाला अँटिबायोटिक किंवा मिथिलीन ब्लू द्यायचं असेल तर वेगळ्या बादलीत, नाहीतर औषध जिवाणूंनाही लागतं.

जिवाणू काय करत नाहीत, हेही माहीत असावं. काचेवरचं हिरवं शेवाळ ते काढत नाहीत, उलट त्यांनी तयार केलेल्या नायट्रेटवर ते पोसतं. नायट्रेट घटवायचं तर पाणी बदलायचं किंवा मनी प्लांटची मुळं टाकीत सोडायची. काढलेलं पाणी गटारात ओतू नका, कढीपत्त्याला आणि कुंड्यांना घाला, त्यात झाडाला लागणारं नत्र आयतंच आहे. मात्र मीठ किंवा औषध घातलेलं पाणी झाडांना नको.

आणि नवी टाकी मांडताना बाटलीवर पैसे घालण्याआधी बीड किंवा गेवराईत कुणाची वर्षभर चांगली चाललेली टाकी असेल, ज्यात मासे आजारी नाहीत, तर त्यांच्या स्पंजचा तुकडा मागून आणा. टाकीतल्याच पाण्यात बुडवून, पिशवीत थोडी हवा ठेवून, उन्हापासून जपत त्याच दिवशी घरी आणा आणि आपल्या फिल्टरला लावा. सहा आठवड्यांचं काम बरंच लवकर उरकतं.