लहान मुलांसह समुद्रकाठी एक दिवस : भरती-ओहोटी पाहून आखलेली सहल

नाताळची किंवा उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की घरोघरी सहलीचे बेत सुरू होतात. मुंबई, ठाणे व वसई परिसरातील अनेक कुटुंबांची पावले अशा वेळी रायगडच्या किनाऱ्याकडे वळतात. एका दिवसात जाऊन येण्याजोगे अंतर, समुद्र, किल्ले, नारळी-पोफळीच्या वाड्या आणि ताजी मासळी, एवढे सारे एका ठिकाणी क्वचितच मिळते. तरीही पुष्कळ सहली अशा होतात की, संध्याकाळी परतताना आईवडील थकलेले असतात, मुले किरकिरत असतात आणि दिवसाचा निम्मा भाग गाडीत गेलेला असतो. असे का होते आणि ते कसे टाळावे, याविषयी या लेखात थोडे विवेचन करावे, असे आम्हांस वाटते.

मूळ चूक आखणीत असते. अलिबागचा किल्ला, रेवदंडा, काशीद आणि शेवटी मुरूडचा जंजिरा अशी यादी करून आपण निघतो. अलिबाग ते मुरूड हे अंतर सुमारे ५० किलोमीटर आहे; परंतु रस्ता अरुंद, वळणांचा आणि गावांमधून जाणारा आहे. मोठ्यांना ही यादी पुरी केल्याचे समाधान मिळते. चार-पाच वर्षांच्या मुलाला मात्र स्थळांची संख्या कळत नाही. त्याला एक वाळूचा पट्टा, एक खेकड्याचे बीळ आणि हाताशी असलेले आईवडील पुरतात. म्हणून लहान मुलांची सहल दोनच गोष्टींवरून आखावी : समुद्राची वेळ आणि मुलाची चाल. एका दिवशी एकच मुख्य ठिकाण ठरवावे.

तिथीची पाऊणपट

समुद्राला स्वतःचे वेळापत्रक असते. आपल्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती व दोनदा ओहोटी होते. पूर्ण भरतीपासून पूर्ण ओहोटीपर्यंत साधारण सव्वासहा तास लागतात आणि ही वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. पौर्णिमा व अमावास्येच्या सुमारास पाणी सर्वांत वर चढते आणि सर्वांत खालीही जाते. त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास चढउतार कमी असतो. ती भांगाची भरती.

कोकणातील जुनी माणसे घड्याळाऐवजी पंचांगावरून भरती काढतात. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी. जे उत्तर येईल, त्या वाजण्याच्या सुमारास पूर्ण भरती. उदाहरणार्थ, चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन. म्हणजे पहाटे तीन व दुपारी तीनच्या सुमारास भरती आणि त्यानंतर सहा तासांनी, म्हणजे सकाळी नऊच्या व रात्री नऊच्या सुमारास ओहोटी. हा ठोकताळा आहे; अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होऊ शकतो. म्हणून वेळ वर्तमानपत्रातून किंवा भरती-ओहोटीच्या छापील तक्त्यातून पडताळावी आणि किनाऱ्यावर पोहोचल्यावर स्थानिक कोळी बांधवांना पुन्हा विचारावी. परंतु सहलीची तारीख ठरवताना हे गणित फार उपयोगी पडते आणि शाळेत जाणाऱ्या मुलांना ते करायला आवडतेही.

अलिबागच्या कुलाबा किल्ल्याचे उदाहरण घेऊ. १६८० साली छत्रपती शिवाजी महाराजांनी या जलदुर्गाचे काम सुरू केले आणि ते संभाजी महाराजांच्या काळात पूर्ण झाले. पुढे कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचे हे मोठे ठाणे बनले. १७२१ साली इंग्रज व पोर्तुगीज यांनी मिळून त्यावर हल्ला केला. पण किल्ला त्यांच्या हाती लागला नाही. या किल्ल्यावरूनच पूर्वी संपूर्ण जिल्ह्याला कुलाबा हे नाव होते; १९८१ साली ते बदलून रायगड झाले. भर समुद्रातील या किल्ल्यात गोड्या पाण्याचा साठा आहे. चोहोबाजूंनी खारे पाणी असताना आत गोडे पाणी कसे, हा प्रश्न मुलांना विचारून पाहावा.

ओहोटीच्या वेळी अलिबागच्या किनाऱ्यावरून या किल्ल्यापर्यंत चालत जाता येते. भरतीला तीच वाट पाण्याखाली जाते. मुलांना नेण्यास द्वितीया ते पंचमी हे दिवस सोयीचे. त्या दिवशी ओहोटी सकाळी साडेसात ते पावणेदहाच्या सुमारास येते, पाणी चांगले मागे हटते आणि ऊनही कोवळे असते. अष्टमीच्या आसपास ओहोटी भर दुपारी येते. पण ती भांगाची असल्याने वाटेत पाणी राहू शकते. पौर्णिमा-अमावास्येला पाणी खूप उतरते. मात्र ते पहाटे सहाला वा संध्याकाळी सहाला, म्हणजे मुलांच्या दृष्टीने गैरसोयीच्या वेळी. नियम असा ठेवावा : पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी निघावे आणि ओहोटी उलटल्यावर तासाभराच्या आत किनाऱ्यावर परत यावे. किल्ल्यात आणखी पाहायचे राहिले, तरी परत फिरावे. वाट निसरडी व खडकाळ आहे. मुलांच्या पायात घट्ट बसणाऱ्या चपला असाव्यात.

पाण्याशी खेळ, पण हाताच्या अंतरावर

या विषयाची दुसरी बाजू गंभीर आहे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याहून सहलीस आलेल्या चौदा विद्यार्थ्यांचा मुरूडच्या समुद्रात बुडून मृत्यू झाला. ती सारी तरुण मुले होती. जेथे मोठी मुले सापडतात, तेथे लहानग्यांबाबत किती सावध असावे, हे निराळे सांगणे नको.

किनाऱ्यावर फुटलेल्या लाटांचे पाणी समुद्रात परत जाताना काही ठिकाणी एकत्र येते आणि अरुंद पट्ट्यातून वेगाने आत ओढले जाते. गंमत अशी की, तेथे लाटा कमी फुटतात; म्हणून नवख्या माणसाला तीच जागा शांत व सुरक्षित वाटते. या ओढीत सापडलेल्या माणसाने थेट किनाऱ्याकडे येण्याचा आटापिटा केला, तर तो दमतो. मदतीसाठी हात वर करावा, तरंगत राहावे आणि शक्य असल्यास किनाऱ्याला समांतर पोहून ओढीच्या बाहेर पडावे. हे मोठ्यांसाठी. लहान मुलाला यातील काहीच करता येत नाही. त्याच्यासाठी उपाय एकच : पाणी त्याच्या गुडघ्यावर जाऊ देऊ नये आणि मोठे माणूस हाताच्या अंतरावर असावे.

कुटुंब मोठे असले की प्रत्येकाला वाटते, कोणीतरी लक्ष ठेवत आहे. आणि त्याच क्षणी कोणाचेच लक्ष नसते. म्हणून पाळी लावावी. ज्याची पाळी, त्याने त्या अर्ध्या तासात मोबाईल हाती घेऊ नये, छायाचित्रेही काढू नयेत. ओहोटी लागली असताना डुंबण्यास उतरू नये. ती वेळ वाळूवर चालण्याची, शिंपले पाहण्याची. मद्यपान केलेल्या माणसाच्या भरवशावर मूल कधीही सोपवू नये. पावसाळ्याचे चार महिने तर पाण्यात उतरण्याचा विचारच सोडावा. त्या काळात कोळी बांधवदेखील आपल्या होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात.

काशीदची पांढरी वाळू मनोहर आहे. परंतु तेथील पाण्याची ओढ प्रसिद्ध आहे. अगदी लहान मुले बरोबर असतील, तर तेथे वाळूत खेळावे व पाण्याला पाय लावून परत यावे.

अक्षी आणि कोर्लई

लहान मुलांसाठी आम्ही आवर्जून सुचवू अशी दोन ठिकाणे आहेत. पहिले अलिबागजवळचे अक्षी. सुरूच्या बनाची सावली, रुंद किनारा आणि हिवाळ्यात ओहोटीच्या चिखलात चोची खुपसणारे पाणपक्षी व कुरव यांचे थवे, असे तेथील दृश्य असते. येथेच शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२ चा शिलालेख आहे. मराठीतील सर्वांत जुन्या शिलालेखांत त्याची गणना होते. जे मूल नुकतेच मुळाक्षरे गिरवू लागले आहे, त्याला हजार वर्षांपूर्वी दगडावर कोरलेली आपली भाषा दाखवावी.

दुसरे ठिकाण कोर्लई. रेवदंड्याहून कुंडलिका नदीवरील साळावचा पूल ओलांडला की डोंगराच्या पायथ्याशी हे गाव लागते. डोंगरावरील किल्ला १५९४ साली पोर्तुगीजांनी निजामशाहीकडून जिंकला. १७४० साली चौलचा प्रदेश मराठ्यांच्या स्वाधीन झाला आणि पोर्तुगीज सत्ता येथून उठली. परंतु सत्ता गेली तरी येथील ख्रिस्ती समाज राहिला आणि त्याच्याबरोबर त्याची बोलीही राहिली. पोर्तुगीज शब्द आणि मराठीची ठेवण यांच्या मिश्रणातून घडलेल्या या बोलीला गावकरी ‘नौ लिंग’, म्हणजे ‘आमची भाषा’ म्हणतात. जेमतेम हजारभर लोक ती बोलतात. जे. क्लान्सी क्लेमेंट्स या भाषाशास्त्रज्ञाने तिच्यावर १९९६ साली स्वतंत्र ग्रंथ लिहिला. ही भाषा पावणेतीनशेहून अधिक वर्षे टिकली ती पुस्तकांमुळे वा शाळांमुळे नव्हे, तर आयांनी मुलांशी आणि आजीआजोबांनी नातवंडांशी ती घरात बोलल्यामुळे. वसईच्या गावांतील आपल्या बोलींचा विचार करणाऱ्या पालकांनी हे मनात ठेवण्याजोगे आहे.

गावात कार्मेल मातेचे चर्च आहे. रविवारी जाणार असाल, तर मिस्सेची वेळ आधी विचारून घ्यावी आणि तेथील भाविकांसोबत मिस्सेत सहभागी व्हावे. सहलीच्या दिवशी मिस्सा चुकवण्याचे कारण उरत नाही. मात्र हे लोकांचे राहते गाव आहे, प्रदर्शन नव्हे. परवानगीवाचून कोणाची छायाचित्रे काढू नयेत आणि ‘तुमची भाषा बोलून दाखवा’ असा आग्रह धरू नये. मुलांना नमस्कार करायला सांगावे. पुढचे संभाषण आपोआप होते.

डोंगराच्या कडेला दीपगृह आहे. ते पाहण्याची वेळ गावात विचारावी. तेथून पायऱ्यांनी किल्ल्यावर जाता येते. किल्ला लांबट व चिंचोळा असून त्यात एका चर्चचे अवशेष आहेत. कठडे सर्वत्र शाबूत नाहीत. म्हणून पाच वर्षांखालील मुलांना दीपगृहापर्यंतच न्यावे, हे बरे.

प्रवास, जेवण आणि परतणे

मुंबईहून अलिबागला जाण्यासाठी जलमार्ग मुलांना सर्वांत आवडतो. गेटवेहून मांडव्याला लाँच जाते. मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्याहून मोटारीसह नेणारी रो-रो बोटही सुरू झाली. हिवाळ्यात लाँचच्या मागे उडणारे कुरव पाहण्यात मुलांचा वेळ कसा जातो, ते कळत नाही. कुरवांना चिवडा-वेफर मात्र घालू नयेत. ते त्यांचे अन्न नव्हे. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीस निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसून पंधरा जणांचे प्राण गेले. त्यांत एक लहान मूलही होते. म्हणून लाँचमध्ये बसताच प्रत्येकासाठी जीवरक्षक जाकीट मागून घ्यावे, मुलासाठी त्याच्या मापाचे मागावे आणि ते प्रवास संपेपर्यंत अंगावर ठेवावे. असे मागण्यात संकोच कसला?

जेवणाचा बेत साधा असावा. सकाळी अकरा ते दुपारी चार या वेळेत मुलांना उन्हात ठेवू नये. ती वेळ सावलीत जेवण्याची व झोपण्याची. पुरेसे पाणी, टोपी, कपड्यांचा एक जादा जोड आणि मुलाच्या खिशात पालकांच्या मोबाईल क्रमांकाची चिठ्ठी, एवढे असले की पुरे. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात जाल, तर कोणा ओळखीच्या वाडीत पोपटी लावता येईल का, ते पाहावे. मडक्यात भांबुर्डीचा पाला घालायचा, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, हवी तर मसाला लावलेली कोंबडी, मीठ आणि ओवा. वरून पुन्हा पाला दाबून मडके उपडे ठेवायचे आणि भोवती पेंढा-गोवऱ्यांचा जाळ करायचा. पाण्याचा थेंबही न घालता अर्ध्या-पाऊण तासात सारे शिजते. आजोबांनी शेंगा निवडाव्यात, मुलांनी पाला आणून द्यावा, वडिलांनी जाळ सांभाळावा. या कामात घरातील प्रत्येकाला वाटा मिळतो. येताना अलिबागचा पांढरा कांदा बाजारात आला असेल, तर त्याची एक माळ घ्यावी. त्याला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे.

निघण्यापूर्वी मुलांच्या हाती एक पिशवी देऊन आपला सारा कचरा गोळा करावा. ज्या शिंपल्यात अजून जीव आहे, तो पाण्यात परत सोडावा. अंधार पडण्याआधी परतीला लागावे.

अशा सहलीस फार खर्च येत नाही. मात्र ती आधीपासून ठरवावी लागते, कारण समुद्र आपल्या सुट्टीप्रमाणे वेळ बदलत नाही. दिनदर्शिका उतरवून येत्या महिन्यातील द्वितीया ते पंचमी या तिथींना कोणता शनिवार वा रविवार येतो, ते आज रात्रीच मुलांना बरोबर घेऊन पाहावे. पाऊणपटीचे गणित त्यांनाच करू द्यावे.