पाल्कची सामुद्रधुनी

दोन डोंगरांमधल्या अरुंद वाटेला आपण खिंड म्हणतो. सातारा-सांगलीकडे अशा खिंडी पुष्कळ. समुद्रालाही खिंड असते बरे का! दोन्ही बाजूंना जमीन आणि मधून पाण्याची चिंचोळी वाट. ही वाट दोन समुद्रांना जोडते. तिला सामुद्रधुनी म्हणतात. धुनी म्हणजे नदी.

आपल्यापैकी कोणी रामेश्वरची यात्रा केली असेल. त्या बेटाच्या उत्तरेला अशीच एक सामुद्रधुनी आहे. तिच्या एका काठाला आपला तमिळनाडू, दुसऱ्या काठाला श्रीलंका. तिची रुंदी कुठे ६४ किलोमीटर, तर कुठे १३७ किलोमीटर आहे.

हिचे नाव पाल्कची सामुद्रधुनी. हा पाल्क कोण? रॉबर्ट पाल्क नावाचा इंग्रज १७६३ ते १७६७ ह्या काळात मद्रासचा गव्हर्नर होता. त्याचे नाव ह्या पाण्याला मिळाले. इंग्रज गेले, पण नाव राहिले.

ह्याच किनाऱ्यावर आपल्या ओळखीचेही एक नाव आहे. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे ह्यांनी तंजावरला राज्य स्थापले. साताऱ्याचे भोसले आणि तंजावरचे भोसले एकाच घराण्यातले. पुढे तंजावरचा कारभार इंग्रजांच्या हाती गेला. इंग्रजांनी नेपोलियनवर विजय मिळवला, त्याची आठवण म्हणून दुसरे सरफोजीराजे ह्यांनी १८१४-१५ च्या सुमारास समुद्रकाठी आठ मजली इमारत बांधली. तिचे नाव मनोरा. तिकडचे तमिळ लोक आजही तिला मनोराच म्हणतात.

ही सामुद्रधुनी फार उथळ आहे. तिच्या दक्षिणेला रामसेतूची रांग आहे. तिथे वाळूचे बांध पाण्याच्या वर डोके काढतात. त्यामुळे मोठी जहाजे इथून जात नाहीत. मुंबईहून चेन्नईला जाणारे मोठे जहाज लंकेला वळसा घालून जाते.

उथळ पाण्याचा आणखी एक धोका आहे. वादळाचा वारा पाणी किनाऱ्याकडे लोटतो. खोली नसल्याने ते पाणी उंच चढते. २२ डिसेंबर १९६४ च्या रात्री असेच झाले. रामेश्वरजवळचे धनुष्कोडी गाव उद्ध्वस्त झाले. उतारूंनी भरलेली आगगाडी लाटांनी गिळली.

१९७४ साली दोन्ही देशांनी ह्या पाण्यात सरहद्द ठरवली. पण पाण्यावर बांध घालता येत नाही आणि मासळीला सरहद्द कळत नाही. मासळीमागे गेलेला कोळी पलीकडे गेला, तर पकडला जातो. इकडे घरची माणसे त्याची वाट पाहत बसतात.