‘काही होणार नाही’ एवढ्यावर मूल तयार होत नाही
मुलांच्या वैद्यकीय तपासण्या : गैरसमज आणि वस्तुस्थिती

मुलाचं रक्त तपासायचं, एमआरआय करायचा किंवा छोटं ऑपरेशन ठरलं की घरातली मोठी माणसं आपसांत हळू आवाजात बोलू लागतात. ज्याच्या हाताला सुई लागणार आहे त्याला मात्र कोणी काही सांगत नाही. हेतू मायेचाच असतो. पण घरातली काळजी मुलाला जाणवते, आणि खरं कळलं नाही की ते स्वतःच काहीबाही कल्पना करून घेतं. मुलाची तयारी करण्याआधी मोठ्यांनी आपले काही समज तपासून घ्यायला हवेत.

गैरसमज : आधी सांगितलं तर मूल घाबरेल. ‘फिरायला जाऊ’ म्हणून न्यावं.

वस्तुस्थिती : असं फसवणं फार तर एकदा जमतं. थॅलेसेमिया किंवा मधुमेह असलेल्या मुलाला पुन्हा पुन्हा रुग्णालयात जावं लागतं, आणि तिथे त्याचा आईबाबांवरचा विश्वास हाच मोठा आधार असतो. दोन-तीन वर्षांच्या मुलाला आदल्या दिवशी सांगितलं तरी पुरतं. शाळकरी मुलाला काही दिवस आधी सांगावं, म्हणजे त्याला प्रश्न विचारायला वेळ मिळतो. काय दिसेल, कसला आवाज येईल, अंगाला कसं वाटेल, जवळ कोण असेल आणि घरी कधी यायचं, एवढं सांगावं. लहान मुलांसाठी बाहुलीला पट्टी बांधून, सलाईन लावून खेळ मांडावा. ‘मी मस्ती केली म्हणून हे झालं’ असं बऱ्याच लहान मुलांना वाटतं. तसं नाही, हे स्पष्ट शब्दांत सांगावं.

गैरसमज : ‘अजिबात दुखणार नाही’ म्हटलं की धीर येतो.

वस्तुस्थिती : सुई टोचली की हे खोटं ठरतं. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली लसीकरणातल्या वेदनेबद्दल मार्गदर्शन केलं, त्यातही खोटा दिलासा देऊ नये असंच म्हटलं आहे. ‘काहींना चिमटा काढल्यासारखं वाटतं. तुला कसं वाटलं ते मला सांग. मी इथेच आहे,’ असं बोलावं. ‘ऐकलं नाहीस तर डॉक्टरकाका सुई टोचतील’ ही धमकी तर घरातून कायमची हद्दपार करावी.

गैरसमज : तान्ह्या बाळाला दुखणं कळत नाही.

वस्तुस्थिती : एकेकाळी डॉक्टरही असंच मानत आणि नवजात बाळांची ऑपरेशनं अपुऱ्या वेदनाशमनात होत. इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले डॉ. कंवलजीत सिंग आनंद यांनी सहकाऱ्यांसह इंग्लंडमध्ये अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर अभ्यास केला. ऑपरेशनच्या वेळी प्रभावी वेदनाशामक दिलेल्या बाळांच्या शरीरावर ताण कमी पडला आणि गुंतागुंतही कमी झाली, हे 1987 साली प्रसिद्ध झालं. आज उपाय साधे आहेत. टोचताना बाळाला अंगावर पाजलं तर वेदना कमी होते. मोठ्या मुलांसाठी त्वचा सुन्न करणारं मलम मिळतं. ते डॉक्टरांच्या सल्ल्याने साधारण तासभर आधी लावावं लागतं.

गैरसमज : चौघांनी आडवं दाबून धरलं की पटकन उरकतं.

वस्तुस्थिती : आडवं पाडून दाबलं की भीती वाढते आणि मूल जास्त झटापट करतं. आईच्या किंवा बाबांच्या मांडीवर ताठ बसवून, मिठीत घेऊन रक्त काढता येतं. साबणाचे फुगे उडवणं, गोष्ट ऐकणं याने लक्ष दुसरीकडे वळतं. ‘टोचायचं का?’ असं विचारू नये, कारण नकार आपण मानणार नसतो. ‘कोणता हात देतोस?’ हे मात्र जरूर विचारावं.

गैरसमज : रक्त दिल्याने अशक्तपणा येतो, पाठीतलं पाणी काढलं की पाय लुळे पडतात.

वस्तुस्थिती : 15 किलो वजनाच्या मुलाच्या अंगात सुमारे 1,100 ते 1,200 मिलिलिटर रक्त असतं. नेहमीच्या तपासणीला लागतं ते जेमतेम काही मिलिलिटर. पाठीतल्या पाण्याची सुई कमरेच्या खालच्या भागात, मज्जारज्जू जिथे संपतो त्याच्याही खाली घालतात. काढलेलं थोडंसं पाणी शरीर पुन्हा तयार करतं. मेंदूज्वराचं निदान या भीतीपायी लांबलं, तर खरा धोका तिथे आहे.

गैरसमज : भूल दिली की बुद्धी मंदावते.

वस्तुस्थिती : तान्हेपणी एकदाच, साधारण तासाभराची भूल दिलेल्या मुलांची पाच वर्षांची झाल्यावर बुद्धिमत्ता तपासली गेली. अनेक देशांत मिळून झालेल्या या अभ्यासात त्यांच्यात आणि पूर्ण भूल न दिलेल्या मुलांत फरक आढळला नाही. निष्कर्ष 2019 साली प्रसिद्ध झाले. तीन वर्षांखालच्या मुलांना वारंवार किंवा तीन तासांहून जास्त भूल लागणार असेल, तर भूलतज्ज्ञांशी नीट बोलून घ्यावं.

उपवासाचा नियम मात्र काटेकोर पाळावा. साधारणपणे जेवण आणि वरचं दूध सहा तास, आईचं दूध चार तास आणि पाणी दोन तास आधी बंद करतात. आपल्या भूलतज्ज्ञांनी दिलेली वेळ अंतिम. भुलेत पोटातलं अन्न उलटून फुप्फुसात जाऊ शकतं. म्हणून आजीने मायेने हळूच दिलेलं एक बिस्कीटही डॉक्टरांपासून लपवू नये.

तपासणी ठरली की डॉक्टरांना चार गोष्टी विचाराव्यात : किती वेळ लागेल? आम्हाला जवळ थांबता येईल का? सुन्न करणारं मलम लावता येईल का? उपाशी किती तास ठेवायचं? हे विचारायला संकोच वाटू देऊ नये. काय होणार हे ठाऊक असलेलं मूल रडलं, तरी सावरतं लवकर. आणि पुढच्या वेळी रुग्णालयाच्या दारातून आत यायला तयार असतं.